इंदूरहून सायकलने तळी आणि जंगले: पठाराच्या कडेपर्यंत जाऊन परतण्याचे रस्ते

रामबागकर

गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवशी आमच्या मंडळातील तिघांनी मला वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारला. सायकल घेतली आहे, गल्लीत आणि चौकापर्यंत फिरवूनही झाली आहे, आता इंदूरबाहेर जायचे तर कुठे जावे? तिघांनाही तोंडी उत्तर देताना काही ना काही सांगायचे राहून गेले, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. गेली अकरा वर्षे मी बहुतेक रविवारी पहाटे सायकल काढतो. माझा वेग ताशी बारा ते चौदा किलोमीटर असतो आणि तो वाढावा असे मला कधी वाटले नाही. ज्यांना वाटेत थांबून पाणी पाहायचे आहे, झाडाखाली घटकाभर बसायचे आहे आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायचे आहे, त्यांच्यासाठी हा धागा आहे.

रस्त्यांच्या आधी जमिनीचा उतार सांगतो, कारण तो एकदा कळला की कुठे जायचे हे ठरवणे सोपे होते. आपले शहर माळव्याच्या पठारावर सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. या पठाराची दक्षिण कड म्हणजे विंध्याचा माथा. सिमरोल, महू, मानपूर हा सगळा पट्टा त्या माथ्यालगतचा. कडेच्या अलीकडे पडलेले पावसाचे पाणी कान्ह, क्षिप्रा, गंभीर या नद्यांमधून उत्तरेला वाहत जाऊन शेवटी चंबळेला मिळते. कडेच्या पलीकडे पडलेले पाणी चोरल नदीतून नर्मदेकडे उतरते. पश्चिमेला आणि वायव्येला जमीन जवळजवळ सपाट असल्यामुळे तिथे पाणी पसरते आणि मोठा तलाव तिथे आहे. दक्षिणेला जमीन हळूहळू चढत जाते आणि मग एकाएकी तुटते. त्या तुटलेल्या भागात नांगर चालत नाही, म्हणून जंगल तिथे टिकून राहिले. तेव्हा पाणी पाहायचे असेल त्या दिवशी पश्चिमेची वाट धरावी, जंगल पाहायचे असेल त्या दिवशी दक्षिणेची. आणि दक्षिणेला गेल्यावर कडेवर थांबून मागे फिरावे. घाट उतरू नये. आरामात सुरू झालेली सहल बिघडते ती बहुधा घाट उतरल्यामुळे. उतरताना वीस मिनिटे लागतात, आणि परत चढताना ऊन डोक्यावर आलेले असते.

सर्वांत सोपी वाट सिरपूर तलावाची. राजवाड्यापासून धार रस्त्याने जेमतेम सहा किलोमीटर. नव्या माणसाने पहिले चार रविवार एवढेच करावे. होळकरांच्या काळातील हा तलाव शहराच्या अगदी कुशीत असूनही पाणथळ म्हणून टिकला आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. त्याच वर्षी यशवंतसागरही त्या यादीत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरसह इंदूरला पाणथळ शहराची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतात हा मान प्रथमच या दोन शहरांना मिळाला. हे सांगण्याचे कारण एवढेच, की आपण ज्या तलावाला ‘सिरपूरचे तळे’ म्हणून सहज ओलांडून जातो, त्याची किंमत बाहेरच्यांनी ओळखली आहे.

यशवंतसागरसाठी विमानतळाच्या पुढे गांधीनगर मागे टाकून देपालपूरच्या रस्त्याने हातोदकडे जावे. राजवाड्यापासून अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर भरते. गंभीर नदीवरचा हा तलाव यशवंतराव होळकर दुसरे यांच्या राजवटीत बांधला गेला आणि १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात येईपर्यंत इंदूरची तहान मुख्यतः त्याच्या भरवशावर होती. आमच्या घरात आजही पाणी जपून वापरण्याचा विषय निघाला की आई ‘यशवंतसागर आटला होता तेव्हा’ अशीच सुरुवात करते. याच तलावाच्या फुगवट्यावर हातोदच्या पुढे गुलावट आहे. तेथे कमळे आहेत, बांबूची दाट रांग आहे आणि पुलावरून दोन्ही बाजूंचे पाणी दिसते. कमळ सकाळी उमलते आणि ऊन चढले की मिटू लागते, म्हणून आठच्या आत पोहोचणे चांगले. दहा वाजता पोहोचलेल्याला पाने दिसतात आणि गर्दी दिसते.

गुलावटच्या वाटेवर एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगतो. सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी मी डांबरी रस्ता सोडून सोयाबीनच्या शेतांमधल्या गाडीवाटेने पाण्याच्या काठाकडे निघालो. शंभर पावले गेलो नसेन, तोच काळी माती टायरला लपेटत वर चढली, मडगार्डच्या आत ठासून बसली आणि पुढचे चाक फिरायचेच थांबले. काडीने उकरावी, चार पावले ढकलावी, की पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन रस्त्यावर आलो. त्या चिखलासकट ती दुप्पट जड झाली होती. पाऊस उघडल्यावर निदान चार दिवस कच्च्या वाटेला लागू नये.

दक्षिणेच्या बाजूला भंवरकुआँहून खंडवा रस्त्याला लागले की आधी बिलावली तलाव आणि पुढे लिंबोदीचा लहान तलाव लागतो. तेजाजीनगरला बायपास येतो आणि तेथून रालामंडल जवळ आहे. होळकरांची शिकारगाह ज्या टेकडीवर आहे, ती टेकडी आणि भोवतालचे रान मिळून १९८९ पासून अभयारण्य आहे. सायकल फाटकाशी लावून टेकडी पायी चढावी. वरून एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला विंध्याची निळी कड दिसते, आणि मी वर जो उतार सांगितला तो तेथे डोळ्यांनी पाहता येतो. बायपासवर मात्र अवजड वाहने भरधाव असतात. तेवढा तुकडा उजेड पडल्यावर आणि कडेकडेनेच पार करावा.

त्याच रस्त्याने पुढे सिमरोल आणि तेथून आत वळून तिंछा. शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. येथे पठार संपते. धबधब्याच्या माथ्यावर उभे राहिले की पायाखालची दरी आणि तिच्यात उतरलेले सागाचे रान दिसते. पावसाळ्यातील रविवारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरात पाणी थोडे कमी असते, पण रान हिरवे असते आणि माणसे तुरळक असतात. मला ऑक्टोबर आवडतो.

आपापले रस्ते, विशेषतः महूच्या बाजूचे, लिहावेत.

सुदामानगरकर

रामबागकरदादा, लेख दोनदा वाचला. माझे वय अठ्ठावन्न आहे आणि सायकल बिनगिअरची, कॅरिअर असलेली, मुलीच्या कॉलेजच्या वेळची. रोज सकाळी घरापासून अन्नपूर्णा मंदिरापर्यंत जाऊन येते. सिरपूर आमच्यापासून फार लांब नाही, तरी धार रस्त्यावरच्या ट्रकांची भीती वाटते. शिवाय एकटीने निघायचे तर किती वाजता निघावे, बसायला सुरक्षित जागा कोणती, हेही कळत नाही. आपण पुरुषमंडळी पहाटे पाचला अंधारात निघता, ते मला शक्य नाही. माझ्यासारखीने यशवंतसागरचे स्वप्न पाहावे की नाही, हे प्रांजळपणे सांगावे.

रामबागकर

ताई, आपण रोज अन्नपूर्णेपर्यंत जाता तर सिरपूर आपल्याला आजच जमेल. अंधारात निघण्याची गरज नाही. हिवाळ्यात सातला निघालात तरी पक्षी जागेवर असतात आणि तोवर फिरायला येणारी कुटुंबे काठावर आलेली असतात. धार रस्त्यावर कमीत कमी वेळ राहावे लागेल अशा बेताने वस्तीतल्या आतल्या रस्त्यांनी जावे आणि मुख्य रस्ता शेवटच्या टप्प्यातच धरावा. अंतर थोडे वाढते, पण मन शांत राहते.

यशवंतसागर बिनगिअरच्या सायकलीने नक्की होतो, कारण त्या वाटेवर चढ असे नाहीतच. आपल्याला अडवेल तो वारा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना तो तोंडावर बसतो आणि परतताना पाठीशी असतो. हे सोयीचेच आहे, कारण अंगात ताकद असते तेव्हा कष्ट होतात आणि थकल्यावर मदत मिळते. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडचा असतो आणि दिवस चढला की जोर धरतो. तेव्हा लवकर परतावे. पहिल्या खेपेला सोबत असू द्या. आमच्या गटात दोन ताई आहेत आणि त्या माझ्यापेक्षा हळू चालवतात.

पाणपक्षी

सिरपूरबद्दल थोडी भर घालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तेथील खरा हंगाम आहे. उत्तरेकडून आलेली तलवार बदके, थापट्या, चक्रवाक यांचे थवे उघड्या पाण्यावर असतात आणि जलपर्णीच्या कडेने जांभळी पाणकोंबडी व कमळपक्षी वर्षभर दिसतात. नव्या माणसाने सुरुवात वारकऱ्यापासून करावी. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, आणि दिंडीसारखे सगळे मिळून एका दिशेने पोहत जाणारे. एकदा पाहिला की विसरत नाही.

यशवंतसागरला जाणाऱ्यांनी पाण्यापेक्षा भोवतालच्या शेतांकडे जास्त लक्ष ठेवावे. सारस क्रौंच शेतात आणि उथळ पाण्यात जोडीने चरतात आणि मध्य भारतात त्यांच्यासाठी हा तलाव फार महत्त्वाचा मानला जातो. माणसाच्या उंचीचा, करड्या अंगाचा, लाल मानेचा हा पक्षी उभ्या गव्हातही नजरेतून सुटत नाही. जोडी दिसली तर सायकलवरून उतरू नये. माझे निरीक्षण असे आहे, की सायकल संथपणे रस्त्याने जात राहिली तर सारस मान वर करून पाहतो आणि पुन्हा चरू लागतो; पण माणूस उतरून उभा राहिला की तो चालत दूर जायला लागतो. फोटोसाठी बांधावरून आत शिरणाऱ्यांमुळे घरटे सोडून गेलेली एक जोडी मी पाहिली आहे आणि ते दृश्य आजही मनाला लागते. कृपया असे करू नये.

चेनपाना

तलावाच्या काठाने जाणाऱ्या प्रत्येकाने विलायती बाभळीचा काटा समजून घ्यावा. सिरपूर असो, बिलावली असो, काठावरच्या पायवाटांवर वाळलेल्या फांद्या पसरलेल्या असतात. काटा टायरमध्ये शिरतो, त्याचे बूड बाहेर मोडते आणि टोक आत राहते. आपण ट्यूब काढतो, ठिगळ लावतो, हवा भरतो आणि अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसतो, कारण तेच टोक नव्या ठिगळाच्या शेजारी पुन्हा टोचलेले असते. म्हणून ट्यूब काढल्यावर टायरच्या आतल्या बाजूने जुन्या सुती रुमालाचा बोळा गोल फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. बोटे फिरवू नयेत, रक्त निघते. काटा बाहेरून ओढून निघत नसेल तर आतून चिमट्याने काढावा आणि मगच ट्यूब बसवावी. बरोबर एक जादा ट्यूब, दोन लिव्हर, पंप आणि लहान चिमटा असला की सिरपूरच काय, महूपलीकडच्या जानापाव डोंगरापर्यंत कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

दुसरे ब्रेकविषयी. गेल्या वर्षी एका दुकानातून सायकल दुरुस्त करून आणली आणि दुसऱ्याच दिवशी रालामंडलच्या बाजूला उतारावर मागचा ब्रेक दाबला तर तो लागलाच नाही. रबर रिमऐवजी टायरला घासत होते आणि टायरची कड तारेपर्यंत झिजली होती. मी पडलो नाही, कारण वेग कमी होता. दुकानातून आणलेली सायकल घरी उलटी करून चाक हाताने फिरवावे आणि रबर रिमवर नीट बसते की नाही ते डोळ्यांनी पाहावे. यात दोन मिनिटे जातात.

महूची लेक

महूच्या बाजूचे मी लिहिते, कारण बालपण तेथेच गेले. इंदूरहून राऊमार्गे महू सुमारे तेवीस किलोमीटर आणि तेथून पातालपाणी आणखी दहा-बारा. एका दिवसात जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर होतात, म्हणून आरामात जायचे तर लोकलने किंवा गाडीच्या टपावर सायकल घालून महूपर्यंत यावे आणि तेथून पुढे सायकल चालवावी. महूनंतर बटाट्याची आणि लसणाची शेते, मग माळ, मग झुडपे आणि शेवटी सागाचे रान अशी जमीन बदलत जाते. गाडीतून हा बदल जाणवत नाही. सायकलवर प्रत्येक टप्प्याचा वास वेगळा येतो.

पातालपाणीचा धबधबा सुमारे ३०० फुटांचा आहे. त्याच्या शेजारून मीटरगेजची जुनी लाईन कालाकुंडकडे उतरते. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणवली, त्याच मार्गाचा हा घाट. २०१८ च्या डिसेंबरपासून पातालपाणी ते कालाकुंड वारसागाडी सुरू झाली. आजोबांनी या लाईनवर नोकरी केली, त्यामुळे बोगद्यातून गाडी निघताना वाजलेली शिटी माझ्या कानात अजून आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पावसाळ्यात धबधब्याच्या वरच्या प्रवाहात उतरू नका. आपल्या डोक्यावर आकाश कोरडे असले तरी वरच्या पाणलोटात पाऊस झालेला असतो आणि पाणी काही मिनिटांत चढते. जुलै २०११ मध्ये येथे सहलीला आलेली माणसे अशीच वाहून गेली. पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पाने वाहून येऊ लागली, की काठ सोडायचा, हे आम्हाला लहानपणीच शिकवले होते.

जुनापलासिया

धागा चांगला आहे, पण रामबागकर यांच्या एका म्हणण्याशी मी सहमत नाही. घाट उतरू नये असे सरसकट कसे म्हणता येईल? सिमरोलच्या पुढे खंडवा रस्त्याने चोरलपर्यंत उतरताना जे जंगल लागते तसे पठारावर कुठेच नाही. चोरलच्या धरणाचे पाणी, भोवतालचे डोंगर, पानगळीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पळस, मोहाचा वास, हे सगळे कडेवर उभे राहून दुरून पाहायचे म्हणजे जेवणाच्या पानावर बसून फक्त वास घेण्यासारखे आहे. आम्ही तिघे मित्र दोनदा गेलो, दोन्ही वेळा सुखरूप परतलो.

रामबागकर

आपण जे वर्णन केले त्यातील एकही शब्द मला अमान्य नाही. चोरलचे रान मलाही पठारावरच्या कुठल्याही जागेपेक्षा जास्त आवडते. माझा आक्षेप त्याच दिवशी सायकलने परत चढण्याला आहे. पूर्वी मीटरगेजच्या छोट्या रेल्वेगाडीत सायकल टाकून महूला परत येता येत असे. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती लाईन बंद झाल्यापासून तो आधार राहिलेला नाही. खंडवा रस्त्यावर चौपदरीकरणाच्या कामामुळे खडी, धूळ आणि अवजड वाहने वाढली आहेत, आणि वळणावर मागून येणाऱ्या ट्रकला हळू चढणारा सायकलस्वार उशिरा दिसतो. आपण तिघे तरुण असाल आणि गिअरची सायकल असेल तर आपल्याला जमेल. पण हा धागा वाचून पहिल्यांदा निघणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. चोरल पाहायचेच असेल तर सायकली टेंपोत घालून खाली न्याव्यात, एक मुक्काम करावा, नदीकाठच्या सपाट वाटांवर मनसोक्त फिरावे आणि टेंपोनेच वर यावे. मी तसे तीनदा केले आहे.

आपण पळसाचा उल्लेख केलात म्हणून मार्चबद्दल एक सूचना. गहू निघाला की अनेक शेतांत नरवाई, म्हणजे मागे उरलेली धाटे, पेटवतात आणि हातोदच्या बाजूला सकाळीसुद्धा धूर जमिनीलगत बसलेला असतो. त्या दिवसांत पश्चिमेला जाऊ नये; छाती भरून येते आणि रस्त्यावर पुढचे वाहन दिसत नाही. मार्च-एप्रिल रालामंडल आणि सिमरोलच्या बाजूसाठी राखून ठेवावेत.

महूची लेक

जानापावचे लिहायचे राहिले. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून तेथे लोक जातात आणि चंबळेचा उगमही तेथलाच. डोंगर साडेआठशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे शेवटचा चढ सायकल ढकलत चढावा किंवा ती खाली ठेवून पायी जावे. साडेसात नद्या येथून निघतात असे आमच्याकडे सांगतात. कुंडाजवळ उभे राहिले की मुलांना मी नेहमी विचारते, यातले कुठले पाणी उत्तरेला जाईल आणि कुठले नर्मदेला? रामबागकरांनी उताराचे जे लिहिले आहे, ते मुलांना तेथे पटकन समजते.

सुदामानगरकर

काल जाऊन आले. सात वाजता निघाले, आतल्या रस्त्यांनी गेले, मुख्य रस्त्यावर फार तर दहा मिनिटे होते. वाटेत भीती वाटली ती ट्रकांची नव्हे, कुत्र्यांची. पण उतरून सायकल मध्ये धरून चालत गेले तेव्हा ती मागे हटली. तलावावर धुके होते आणि पाणी दिसायच्या आधी आवाज ऐकू आले. मग धुके विरळ झाले आणि पाणपक्षी यांनी सांगितलेले वारकरी समोरून रांगेने गेले. मी मोजत होते, एकोणतीसपर्यंत मोजले आणि पुढे ते वेलींच्या आड गेले. घरून पोहे नेले होते ते बाकावर बसून खाल्ले, शेव विसरले होते. परत यायला पस्तीस मिनिटे लागली. गुडघा दुखला नाही, मनगटे दुखली. त्यावर काही उपाय आहे का?

चेनपाना

ताई, मनगटे दुखतात म्हणजे अंगाचा भार हातांवर येतो आहे. आपली सीट बहुधा पुढे झुकलेली असेल. सीटखालचा नट थोडा सैल करून तिचे टोक आडव्या रेषेत आणा आणि पुन्हा पक्का आवळा. चालवताना कोपर ताठ ठेवू नका. फरक लगेच कळेल. नाही कळला तर हँडल एक बोटभर वर घेऊन पाहू.

रामबागकर

ताई, येत्या रविवारी आम्ही पाच जण बिलावली आणि लिंबोदीला जात आहोत, सव्वासातला भंवरकुआँहून निघू. जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या आत होईल. सीट मी तेथेच पाहीन, पाना बरोबर असतो. शेव मी आणतो.